तुंबलेली मोरी

2024 सालच्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास, आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या आजींच्या स्वयंपाकघरात मोरीचे पाणी उलटे वर येऊ लागले. ज्यांच्यावर हा प्रसंग कधी गुदरला नसेल त्यांस नुसत्या वर्णनाने त्याची पुरती कल्पना यावयाची नाही. पाणी खाली जाते, हा आपला जन्मापासूनचा विश्वास. तेच पाणी, ज्या भोकातून रोज निमूटपणे नाहीसे होते त्याच भोकातून बुडबुडे काढीत वर येते, आणि येताना वरच्या चार मजल्यांवरील बिऱ्हाडांचा आदल्या रात्रीचा स्वयंपाक सोबत घेऊन येते, तेव्हा माणसाचा सृष्टिक्रमावरील भरवसाच घटकाभर डळमळतो. आजी ऐंशीच्या पुढच्या आणि घरी एकट्या. पहाटे उठून त्यांनी अनारसे तळले होते व चाळणीत निथळत ठेवले होते. चाळणी जमिनीवर होती. आम्ही आरडाओरडा ऐकून खाली गेलो तेव्हा त्या पाय वर घेऊन पाटावर बसल्या होत्या आणि हातातील पोतेऱ्याकडे पाहत होत्या. पोतेरे केव्हाच चिंब होऊन गेले होते.

मोरीसारख्या विषयावर एका वाङ्मयीन मासिकाची पाने खर्ची घालणे कित्येकांस रुचणार नाही, हे आम्ही जाणून आहो. नदी, विहीर, पाणवठा, इतकेच काय पण गळका रांजणदेखील आमच्या साहित्यात मानाने येऊन बसला आहे. मोरीस मात्र तेथे मज्जाव. परंतु त्या दिवशी जे घडले त्यात आमचा जो भाग होता, तो अद्याप आमच्या मनातून जात नाही. आणि तो सांगावयाचा तर मोरीवाचून गत्यंतर नाही.

आमचे आजोळ दापोली तालुक्यातले. तेथे मोरीचे पाणी कोठे जाते हा प्रश्न लहानपणी आम्हांस कधी पडलाच नाही, कारण ते डोळ्यांसमोरच जात असे. मागीलदारी भांडी घासण्याची जागा होती. तेथून एक उघडी पन्हळ निघे व ती आधी अळूच्या आळ्यात आणि तेथून केळींच्या बुडाशी जाऊन संपे. भांड्यांतले खरकटे आधीच एका मडक्यात निपटून काढलेले असे. ते मडके म्हणजे गाईचे आंबोण कालवण्याची पूर्वतयारी. भाताची पेज, डाळीचे धुवण, भाजीची देठे, साली, सारे तिच्या वाट्याला. उरले तेलतूप. त्याची व्यवस्था चुलीतील राख करीत असे. मूठभर राख आणि नारळाची शेंडी घेऊन आजी कढई घाशी, आणि कढईचा तेलकटपणा बघता बघता राखेत शोषला जाई. त्यामागचे रसायन आम्हांस पुष्कळ वर्षांनी कळले. लाकडाच्या राखेत पोटॅशचा क्षार असतो व तो स्निग्ध पदार्थाशी मिळून थोडाबहुत साबणच तयार करतो. आणि तो साबण पाण्यात विरघळणारा असल्यामुळे केळीच्या बुडाशी जाऊन सुखाने मिसळतो. आजीस यातले काहीच ठाऊक नव्हते. पण राख कोणत्या लाकडाची चांगली हे तिला ठाऊक होते.

शिवाय भांड्यात मुळी फारसे उरतच नसे. तूप कढविले की बेरी खाण्यासाठी आम्हां भावंडांत मारामारी होई. आणि बेरी खरवडून झाल्यावर त्याच भांड्यात ऊन ऊन भात व मीठ घालून आजी तो कालवी व एकेक घास प्रत्येकाच्या हातावर ठेवी. त्या भाताची चव आम्ही येथे वर्णन करू लागलो तर विषय बाजूला राहील. सांगावयाचे इतकेच, की भांडे घासावयास बाहेर जाई तेव्हा त्यात घासण्यासारखे जवळ जवळ काही नसे.

पुढे शिक्षणासाठी आम्ही पुण्यास आलो आणि एका वाड्यात बिऱ्हाड केले. तेथील मोरी दगडी, तोंडाशी पितळी जाळी. गाय नव्हती, केळ नव्हती. पण चूल आणि शेगडी होती, म्हणून राख होती. नंतर गॅस आला. गॅसच्या आगमनाचे पोवाडे पुष्कळ गाइले गेले आहेत, व ते रास्तच आहेत. धुराने डोळे गेलेल्या बायका आम्ही पाहिल्या आहेत. तथापि गॅसबरोबर घरातली राख गेली, याची नोंद कोणी घेतल्याचे आमच्या पाहण्यात नाही. तेलाला धरून ठेवणारी वस्तू घरातून निघून गेली आणि तिच्या जागी आली ती भुकटी, जी तेलाला भांड्यापासून सोडविते खरी, पण धरून ठेवीत नाही. ती त्याचे बारीक बारीक कण करून पाण्याबरोबर वाटेस लावते. पुढे नळीत पाणी थंडावले, साबणाचा जोर ओसरला, की ते कण पुन्हा एकमेकांस शोधून काढतात.

वाड्यातून आम्ही सदनिकेत आलो. ओट्याला बसविलेली चकचकीत पोलादी कुंडी, जिला सिंक म्हणतात, ती आमच्या घरात आली आणि मोरी जमिनीवरून कमरेइतकी उंच झाली. भांडी उभ्याने घासता येऊ लागली, ही मोठीच सोय. पण सिंकच्या खाली एक कपाट असते, कपाटाला दार असते, आणि दारामागे ती वाकडी नळी असते जिच्याकडे गृहस्थाने आयुष्यात एकदाही पाहिलेले नसते. नळीचा तो वाक उगाच ठेवलेला नाही. 1775 साली लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग नावाच्या एका घड्याळजीने शौचकूपासाठी इंग्रजी एस अक्षरासारख्या वळणाच्या नळीचे पेटंट घेतले. वळणात थोडे पाणी कायम राहते व ते गटारातील वायूला घरात शिरू देत नाही. आज आपल्या प्रत्येक मोरीखाली त्याच कल्पनेचे एखादे रूप बसलेले असते. दुर्गंधीला अडविणारा तो वाक तुपालाही अडवितो. त्यात दोष घड्याळजीचा नाही.

आता आमच्याकडे वळू. नोकरीतून निवृत्त झाल्यावर पुरुषाने घरात कोणते तरी एक काम आपल्याकडे घ्यावे, नाही तर तो सर्वांच्या पायांत येतो, असे आमच्या सौभाग्यवतीचे मत आहे. आम्ही दोन कामे घेतली. एक, दुपारी चारचा चहा. दुसरे, रविवारी तूप कढविणे. दोन्हींचा आम्हांस अभिमान. तूप रवाळ व्हावे म्हणून किती आंचेवर, किती वेळ, विड्याचे पान केव्हा टाकावे, यावर आम्ही पाहुण्यांस व्याख्यान देत असू. मात्र तूप गाळून झाल्यावर त्या भांड्याचे काय करावयाचे, हा व्याख्यानाचा विषय नव्हता. बेरी खाण्यास घरात आता मुले नाहीत, आणि आम्हांस वैद्यांची मनाई. तेव्हा आम्ही काय करीत असू? गीझरचे कढत पाणी भांड्यात ओतून, भांडे गरगर फिरवून, ते सारे मोरीत सोडून देत असू. वर चहाचा चोथा. आमचा युक्तिवाद असा की, तूप उष्णतेने वितळते. वितळलेली वस्तू वाहते. वाहिलेली वस्तू निघून जाते. पदवीधर माणसाला शोभेल असाच हा अनुमानाचा सांगाडा होता. दिवाळीच्या आठवड्यात तर चकल्या, शंकरपाळे, करंज्या यांच्या तळणीनंतर कढईच्या तळाशी उरलेले काळपट तेलही आम्ही याच न्यायाने वाटेस लावले.

युक्तिवादातील पहिली दोन विधाने खरी आहेत. चूक तिसऱ्यात आहे. कढत पाणी नळीत हातभर जाते न जाते तोच निवू लागते. तूप तर अंगच्या उष्णतेपेक्षा थोडे गार झाले की घट्ट होऊ पाहणारी वस्तू. म्हणजे कढत पाण्याने आम्ही तूप घालवीत नव्हतो, ते आमच्या हाताच्या टप्प्यापलीकडे नेऊन ठेवीत होतो. त्या चिकट लेपावर चहाची पाने बसली, पानांवर भाताची शिते बसून फुगली, त्यांवर पुढच्या रविवारचे तूप. मधल्या काळात मोरीचे पाणी संथ उतरू लागले होते. ते आमच्या ध्यानातही आले होते. त्यावर आम्ही उपाय योजिला तो अधिक कढत पाण्याचा.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी प्लंबर मिळणे म्हणजे केवढे भाग्य, हे नागरवासी वाचकांस सांगणे नको. सोसायटीच्या चिटणिसांनी कोठून तरी एकास आणले. त्याने खालून पाहून निदान केले की उभा नळ तळाच्या वाकाशी गच्च झाला आहे. आणि तो कोणाच्या कृपेने, हे पाहण्यासाठी त्याने एकेका घरच्या सिंकखालची नळी उघडण्यास आरंभ केला. आमच्या घरी आला तेव्हा त्याच्यामागे चिटणीस, वरच्या मजल्यावरील दोघे गृहस्थ, आणि काही मुले अशी मिरवणूक होती. आमच्या घरी भांडी घासण्यास येणाऱ्या बाई, ज्यांना आम्ही सारेच मावशी म्हणतो, त्या त्या वेळी सणाच्या भांड्यांचा ढीग पुढ्यात घेऊन उभ्या होत्या. प्लंबरने त्यांना बाजूला होण्यास सांगितले आणि कपाटात डोके घातले.

चिटणीस सहज बोलल्यासारखे बोलले, की कोणाच्या तरी घरून खरकटे सुटत असले पाहिजे. त्यावर आम्ही चटकन उत्तरलो की, मावशींना कितीदा बजावले, खरकटे मोरीत जाऊ देऊ नका, पण ऐकते कोण!

हे वाक्य आमच्या तोंडून कसे गेले, हे आम्ही पुष्कळदा आठवून पाहिले आहे. मावशींना आम्ही असे कधीच काही बजावलेले नव्हते. बजावण्याचे कारणही नव्हते. चार माणसे घरात उभी आहेत, बोट कोणाकडे तरी वळणार आहे, आणि जे माणूस उलटून बोलणार नाही ते समोरच उभे आहे, इतकेच काय ते कारण.

प्लंबरने नळीचा वाक सोडविला आणि बादलीत उलटा केला. आत जे होते ते आधी पडेचना. त्याने पेचकस घालून ते खरवडले तेव्हा पांढऱ्या मेणासारखा एक गड्डा सुटून आला, व फुटला. त्यात थर होते. पांढरा थर, तपकिरी थर. पुन्हा पांढरा, पुन्हा तपकिरी. तूप आणि चहा. खडकाच्या थरांवरून भूगर्भशास्त्रज्ञ युगे मोजतात तसे कोणी मोजले असते तर आमच्या निवृत्तीनंतरचे रविवार त्यात ओळीने सापडले असते. कोठेही भाजीचे देठ नव्हते, साल नव्हती, आमटीतली फोड नव्हती. भांडी घासणाऱ्या माणसाच्या हातून जे सुटावयाचे त्यापैकी काहीच नव्हते.

मावशींनी बादलीकडे पाहिले, आणि एकदाच आमच्याकडे. मग त्यांनी पदर खोचला, उरलेली भांडी न्हाणीघरात नेऊन घासली, पुसून पालथी घातली, आणि त्या गेल्या. आम्ही काही बोललो नाही. प्लंबर म्हणाला, “असंच असतं सगळीकडे.” चिटणिसांना इतर घरे पाहावयाची घाई होती.

दुपारी आणखी एक गोष्ट घडली. इमारतीच्या मागील बाजूचे चेंबरही भरले असल्याचे दिसून आले, व कोणा ठेकेदाराने दोन तरुण पोरांस बांबूच्या कामट्या देऊन पाठविले. झाकण उघडले. कामटीने काही साधेना. तेव्हा त्या दोघांपैकी धाकटा दिसणारा पोरगा सदरा काढू लागला. आम्ही गॅलरीतून पाहत होतो. आणखीही पुष्कळजण आपापल्या गॅलरीतून पाहत होते. कोणी म्हणाले, “सांभाळून रे.” एवढ्यात चौथ्या मजल्यावरील, कायद्याचा अभ्यास करणारी मुलगी जिना उतरून धावत गेली आणि चेंबरच्या झाकणापाशी उभी राहिली. तिचे व ठेकेदाराचे बरेच हमरीतुमरीचे बोलणे झाले. संरक्षक साधनांवाचून माणसाला गटारात उतरविणे हा 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारात मृत्यू आल्यास वारसांना दहा लाख रुपये द्यावेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली दिला आणि 2023 च्या ऑक्टोबरात ती रक्कम तीस लाख केली. हे सर्व ती मोठ्याने सांगत होती. ठेकेदाराचे म्हणणे, की चेंबर काही खोल नाही, पाच मिनिटांचे काम. परंतु गटारातील हायड्रोजन सल्फाइड वायूला पाच मिनिटेही लागत नाहीत. त्याचा नासक्या अंड्यांसारखा वास प्रथम येतो, आणि प्रमाण वाढले की नाकाची वास ओळखण्याची शक्तीच मरते. म्हणून माणसाला वाटते की आता हवा बरी आहे.

पोराने सदरा पुन्हा घातला. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी आली व तिने यंत्राने सारे ओढून काढले. तोवर अख्ख्या इमारतीत स्वयंपाकघराचे पाणी बंद होते. लक्ष्मीपूजनाचा नैवेद्य बहुतेक घरांत बाहेरून आला. आम्ही तो घेतला, पण घास उतरेना. कारण तो पोरगा ज्या भोकात उतरणार होता त्यात साचलेले तूप कोणाचे, हे आम्हांस ठाऊक होते.

आमच्यासारखे गुन्हेगार जगात एकटेदुकटे नाहीत, याने फारसे समाधान होत नाही. पण सांगून ठेवतो. लंडनच्या किंग्स्टन भागात 2013 च्या ऑगस्टात गटारातून सुमारे 15 टन वजनाचा चरबीचा गोळा निघाला. 2017 च्या सप्टेंबरात त्याच शहराच्या व्हाइटचॅपल भागात सापडलेला तर सुमारे 250 मीटर लांब व 130 टन वजनाचा होता. तो फोडून काढण्यास कित्येक आठवडे लागले, आणि पुढच्या वर्षी त्याचा एक तुकडा लंडनच्या संग्रहालयात लोकांनी पाहावा म्हणून मांडण्यात आला. अशा गोळ्यांत नुसते तेलतूप नसते. स्निग्धाम्लांचा गटारातील चुन्याशी, म्हणजे कॅल्शियमशी, संयोग होऊन एक प्रकारचा साबण बनतो. आजीच्या राखेतही साबणच बनत होता! फरक इतकाच की राखेतला साबण पाण्यात विरघळणारा, आणि हा विरघळणारा नव्हे, दगड होऊन बसणारा. तेच तूप, एकाशी संगत झाली तर भांडे निर्मळ होते आणि दुसऱ्याशी झाली तर नळ बुजतो.

असो. पाडव्याला मावशी आल्या नाहीत. भाऊबीजेलाही नाहीत. सणाची रजा असेल, असे सौभाग्यवती म्हणाली. तिसऱ्या दिवशी तिने दूरध्वनी केला तो कोणी उचलला नाही. संध्याकाळी भांड्यांच्या ढिगाऱ्यापुढे उभी राहून ती आम्हांस म्हणाली, “अहो, त्या दिवशी काय बोललात तुम्ही त्यांना?” तेव्हा आम्ही तिला सारे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने ओट्याखालचे दार उघडून एक डबा बाहेर काढला. झाकणाला भोके पाडलेला जुना तेलाचा डबा. मावशी रोज भांडी घासण्यापूर्वी त्यात खरकटे निपटून घेतात, पाणी गाळले की कोरडे झालेले खाली नेऊन खताच्या पिंपात टाकतात. आणि हे गेली सहा वर्षे चालले आहे, असे ती म्हणाली. सहा वर्षे तो डबा आमच्या घरात होता. आम्ही तो कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही मावशींच्या घरी गेलो. पर्वतीच्या उतारावरील वस्तीत त्यांची एक खोली आहे. कोपऱ्यात लहानशी मोरी, तिच्या तोंडावर भोके पाडलेली पत्र्याची चकती व तीवर एक दगड. त्यांनी आम्हांस खुर्ची दिली व चहा टाकला. गाळणीतला चोथा दाराशी तुळशीच्या डब्यात गेला. आम्ही वाटेत जुळवून ठेवलेली वाक्ये कशीबशी म्हटली. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या:

“काका, तूप तुमचं होतं ते मला तेव्हाच दिसलं. पण चार माणसांत कसं बोलायचं? सणाचा दिवस.”

आम्ही खाली मान घालून चहा घेत राहिलो. थोड्या वेळाने त्याच पुन्हा म्हणाल्या, “आमचे मालक ड्रेनेजला होते. घरी आले की दोन-दोनदा साबण लावायचे, तरी हाताचा वास जायचा नाही. चमच्याने जेवायचे. लोक हसायचे, बघा साहेब कसा चमच्याने जेवतो. म्हणून मी मोरीत कधी शीतसुद्धा सोडत नाही. तुमच्या नाही, कुणाच्याच.”

त्या हे रागाने म्हणाल्या असत्या तर आम्हांस बरे वाटले असते. पुन्हा केव्हा येणार, हे विचारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. निघताना इतकेच सांगितले की, झाला प्रकार आम्ही सोसायटीच्या सभेत सर्वांसमक्ष सांगू. त्यावर त्यांनी “बरं” म्हटले.

सभा पुढच्या रविवारी भरली. नळाचा व गाडीचा खर्च सर्व बिऱ्हाडांवर सारखा वाटावा असा ठराव येणार होता. आम्ही उभे राहून तो खर्च आमच्याकडे लावावा असे सुचविले व कारण सांगितले. तूप, चहा, कढई, आणि मावशींवर घातलेला आळ. काहीही गाळले नाही. सभेत क्षणभर शांतता पसरली. नंतर, ज्यांच्या नळ्या प्लंबरने उघडल्या होत्या त्यांपैकी आणखी दोघांचे घसे खाकरले. पण ते काही बोलले नाहीत. तळमजल्यावरील आजी मात्र म्हणाल्या, “म्हणजे माझ्या अनारशांवर शेवटी तुमचं साजूक तूप पडलं म्हणायचं!” आणि सारी सभा हसली. चिटणिसांनी खर्च वाटूनच घेतला. मावशी सोमवारी आल्या.

तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात काही नवे रिवाज सुरू झाले आहेत. नवे कशाला म्हणावे? आजोळचेच, थोड्या फेराने. मोरीच्या तोंडावर बारीक जाळी बसली आहे. पानावर उरलेले, ताटलीत राहिलेले, सारे मावशींच्या डब्यात. चहाचा चोथा धुऊन, म्हणजे त्यातील साखर व दूध घालवून, गुलाबाच्या कुंडीत. न धुता टाकला तर मुंग्या येतात, हे आम्ही अनुभवाने सांगतो. तांदळाचे धुवण व पेज हीही कुंड्यांत. कढईस पाणी लावण्यापूर्वी ती चमचाभर कोंड्याने किंवा चाळून उरलेल्या भरड पिठाने पुसावी. पीठ तेलाला जवळ जवळ राखेइतकेच धरते, आणि मग ते कागदात बांधून कचऱ्यात टाकावे. रद्दीचा कागदही चालतो. खताच्या पिंपात तेलकट वस्तू फार जाऊ देऊ नये. तेथे हवा कोंडते व दुर्गंधी सुटते. तळणीचे उरलेले तेल निवले की गाळून दुसऱ्या दिवशीच्या फोडणीस घ्यावे, पण पुनःपुन्हा तळण्यास घेऊ नये. काळे झालेले तेल आम्ही बाटलीत साठवितो. अशा तेलापासून इंधन करण्याच्या कामास केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 साली चालना दिली; ते घेऊन जाणारे लोक मिळतात, एकेकट्या घराच्या बाटलीसाठी कोणी जिना चढत नाही इतकेच. म्हणून आमच्या इमारतीत आता जिन्याखाली एक पिंप आहे. हे तेल देवापुढील दिव्यात घालावे अशी एक सूचना आली होती. ती आजींनी एका दृष्टिक्षेपात फेटाळली.

आमचा एक भाचा अमेरिकेत असतो. त्याला हे सारे लिहून कळविले तेव्हा त्याने उत्तर पाठविले, की मामा, एवढा खटाटोप कशाला, येथे मोरीच्या तोंडाखालीच एक यंत्र असते, ते खरकटे वाटून बारीक करते व पाण्याबरोबर सोडून देते. ती युक्ती विस्कॉन्सिन संस्थानातील रसीन गावच्या जॉन हॅम्स नावाच्या वास्तुशिल्पज्ञाने 1927 साली काढली, असेही त्याने कळविले. युक्ती चतुर खरी. पण न्यूयॉर्क शहरात घरोघरी ती बसविण्यास 1997 पर्यंत बंदी होती, कारण तेथील जुन्या गटारांची लोकांस धास्ती. आणि तुपाचे त्या यंत्रापुढे काय होते, असे आम्ही उलट टपाली विचारले, त्याला अद्याप उत्तर नाही. मोरी साफ करण्याच्या ज्या दाहक भुकट्या बाजारात मिळतात त्यांविषयीही आमचे मत फारसे अनुकूल नाही. त्यांतील कॉस्टिक सोड्याने तुपाचा काही भाग विरघळतो, काही पुढे जाऊन पुन्हा गोठतो. आणि पुढे ज्याला हाताने नळी उघडावी लागते त्याच्या कातडीची त्या भुकटीला पर्वा नसते.

राहिला रविवार. तूप आम्ही अजूनही कढवितो. परवा गाळून झाल्यावर भांडे तसेच थोडे गरम असताना त्यात मूठभर ऊन भात व चिमूटभर मीठ घातले, आणि हाताने कडेकडेने फिरवून कालविले. तळमजल्यावरील आजींना एक मूद पाठविली, चौथ्या मजल्यावर त्या मुलीला एक. वैद्यांची मनाई असताही एक घास आम्ही घेतला. मावशी आल्यावर ते भांडे आम्ही स्वतः त्यांच्या हाती दिले. त्यांनी ते खिडकीच्या उजेडाकडे कलते धरले, काठावरून एक बोट फिरवून पाहिले, आणि इतर भांड्यांत ठेवून दिले.